जोड्या जुळवा, पण व्याख्येशी नको: प्रोग्रामिंगच्या संज्ञांची उजळणी

प्रश्न: मी सोलापुरात बीसीएच्या पहिल्या वर्षाला पायथन शिकवते. वर्गात साठ मुलं आहेत. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कन्नड, उर्दू. व्हेरिएबल, पॅरामीटर, आर्ग्युमेंट, सिंटॅक्स एरर यांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात. पण प्रॅक्टिकलला समोरच्या कोडमध्ये आर्ग्युमेंट कुठलं ते दाखव म्हटलं की गप्प. युनिट टेस्टच्या आधी एका तासात कार्डांनी जोड्या जुळवण्याचा खेळ घ्यावा असं मनात आहे. कार्डं कशी करू, खेळ कसा घेऊ आणि त्याला मार्क द्यावेत का?

उत्तर:

नमस्कार मॅडम,

खेळ जरूर घ्या. फक्त एका कार्डावर संज्ञा आणि दुसऱ्यावर तिची व्याख्या, असा संच करू नका. तुमच्या मुलांना व्याख्या येतात हे तुम्हीच लिहिलंय. मग तासभर खर्चून तेच पुन्हा कशाला तपासायचं? 'व्हेरिएबल'च्या कार्डाशेजारी 'जिची किंमत बदलू शकते अशी, नाव दिलेली मेमरीतली जागा' हे कार्ड पोरगा क्षणात आणून ठेवतो. 'किंमत बदलू शकते' एवढं त्याच्या नजरेला ओळखीचं असतं, पुढचं तो वाचतही नाही. 'जोड्या जुळवा' हा प्रकार आपली मुलं प्राथमिक शाळेपासून सोडवत आलेली आहेत आणि ओळखीच्या शब्दावर झडप घालण्यात ती तरबेज झालेली असतात.

दुसऱ्या बाजूला कोड ठेवा. संज्ञा एकीकडे आणि कोडची एखादी ओळ दुसरीकडे. ओळीतल्या ज्या तुकड्याबद्दल विचारायचं आहे त्याखाली लाल पेनने रेघ मारा. खेळाचा सगळा जीव या रेघेत आहे. कार्डावर कोड अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचा. इथे वाचायला सोपा जावा म्हणून मी तो देवनागरीत देतो. समजा ओळ अशी आहे:

गुण = ३५

हीच ओळ दोन कार्डांवर लिहा. एकावर 'गुण'खाली रेघ, दुसऱ्यावर मधल्या बरोबरच्या चिन्हाखाली. पहिलं कार्ड व्हेरिएबलचं, दुसरं असाइनमेंटचं, म्हणजे व्हेरिएबलला किंमत देण्याचं. ओळ एकच असल्यामुळे ओळखीच्या शब्दावरून काही उमगत नाही, रेघेकडे बघावंच लागतं. मग तिसरं कार्ड करा:

इफ गुण == ३५:

इथे दोन बरोबरच्या चिन्हांखाली रेघ. हे तुलनेचं चिन्ह, पण 'तुलना' असं संज्ञेचं कार्ड संचात ठेवूच नका. म्हणजे या कार्डाला घर नाही. बरीच मुलं ते असाइनमेंटखाली सरकवतील. त्यांच्या डोक्यात एक चिन्ह आणि दोन चिन्हं यांचा घोळ आहे हे त्यावरून तुम्हाला कळेल, आणि लेखी परीक्षेत ते कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

पॅरामीटर आणि आर्ग्युमेंटसाठी मी हे वापरतो:

डेफ क्षेत्रफळ(लांबी, रुंदी):
    रिटर्न लांबी * रुंदी

क्षेत्रफळ(९०, ६०)

यातून तीन कार्डं होतात. पहिल्या ओळीतल्या कंसातल्या नावांखाली रेघ, ते पॅरामीटर. शेवटच्या ओळीतल्या ९० आणि ६० खाली रेघ, ते आर्ग्युमेंट. रिटर्नच्या पुढच्या गुणाकाराखाली रेघ, ती परत जाणारी किंमत, म्हणजे रिटर्न व्हॅल्यू. तिन्ही कार्डांवर हा पूर्ण कोड लिहा, फक्त रेघेची जागा बदला. फंक्शन कुठे लिहिलंय आणि कुठून बोलावलंय, एवढं ज्याला दिसतं त्याला या दोन शब्दांचा गोंधळ पुन्हा होत नाही. व्याख्या दहादा घोकूनही हे दिसत नाही, कारण दोन्ही व्याख्यांत 'फंक्शनला दिली जाणारी किंमत' अशाच छापाचं काहीतरी असतं.

जाता जाता एक गंमत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव खरोखरच देवनागरीत चालतं. 'गुण' नावाचं व्हेरिएबल करा, प्रोग्राम सुरळीत चालेल. कोडमध्ये थेट ३५ असा देवनागरी आकडा लिहिला तर मात्र एरर येते. पण युजरकडून इनपुट घेताना त्याने देवनागरीत ३५ टाइप केलं आणि ते मजकुराची पूर्णांक संख्या करणाऱ्या इंट फंक्शनमधून गेलं, तर पायथन ते मुकाट्याने पस्तीस म्हणून घेतो. वर्गात एकदा करून दाखवा. नाव, थेट लिहिलेली किंमत आणि बाहेरून आलेली किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे व्याख्यानाशिवाय समजतं.

आता संचाचा हिशोब. दोन्ही बाजूंना कार्डं सारखी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. पाच संज्ञा आणि पाच उत्तरं असतील तर ती लावण्याचे एकूण १२० मार्ग होतात. यांत चार बरोबर आणि एक चूक अशी मांडणी एकही नाही. चार लागल्या की पाचवी आपोआप लागते. म्हणजे शेवटची जोडी मुलांना फुकट मिळते, आणि शेवटच्या दोन जोड्यांत एकच निर्णय घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट: डोळे मिटून कार्डं लावली तरी सरासरी एक जोडी बरोबर येतेच. कार्डं पाच असोत की पन्नास, सरासरी एकच. हे सिद्ध करणं सोपं आहे, गणिताच्या सरांना सांगितलंत तर ते वर्गात येऊन आनंदाने दाखवतील. उलट १२० पैकी ४४ मांडण्यांत एकही जोडी बरोबर नसते. थोडक्यात, समान कार्डांच्या खेळात तीन-चार मार्कांचा फरक निव्वळ नशिबाने पडू शकतो.

म्हणून माझ्या संचात संज्ञा आठ आणि कोडची कार्डं अकरा असतात. नियम दोनच: एका संज्ञेखाली एकापेक्षा जास्त कार्डं येऊ शकतात, आणि काही कार्डं कुठेच बसणार नाहीत, ती बाजूच्या 'बेवारस' ढिगात टाकायची. किती कार्डं बेवारस आहेत ते सांगायचं नाही. या दोन नियमांनी उरलंसुरलं वजा करत जाण्याची युक्ती संपते. प्रत्येक कार्डाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

कार्डं कशाची करायची हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या चिठ्ठ्या करू नका. आपल्याकडे मार्चपासून पंखा बंद ठेवणं शक्य नसतं आणि पंखा चालू असला की चिठ्ठ्या वर्गभर. त्यात आपले बाक उतरते. पातळ कागद त्यांवरून घसरतोच. जाड कार्डशीट घ्या, नाहीतर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरा. घरोघरी गठ्ठे पडून असतात आणि कागदही चांगला दणकट असतो. संज्ञांची कार्डं एका रंगाची, कोडची दुसऱ्या. प्रत्येक संचातल्या सगळ्या कार्डांच्या मागे एकच क्रमांक टाका, नाहीतर तास संपल्यावर सातव्या संचातलं कार्ड बाराव्यात जातं आणि पुढच्या तुकडीचा खेळ फसतो. कोडच्या कार्डांवर क, ख, ग अशी अक्षरं घाला. 'ते कंसवालं कार्ड' म्हणण्यापेक्षा 'च कार्ड' म्हटलं की चर्चा भराभर पुढे सरकते.

गट तिघांचा. साठ मुलं म्हणजे वीस गट, वीस संच. चौघांच्या गटात चौथा हमखास मोबाइल काढतो. दोघांच्या गटात एक हुशार असला की दुसरा नुसती मान डोलावतो. तिघांत मत फुटतं, आणि मत फुटलं पाहिजे. शिवाय आपल्या बाकावर तिघं तशीही बसतात, उठवाउठवी करावी लागत नाही. घरी तेलुगू बोलणारी तीन मुलं एका बाकावर असतील तर ती आपसात तेलुगूत भांडतील. भांडू द्या. संज्ञा इंग्रजी, कोड इंग्रजी आणि वाद मायबोलीत, ही वाटणी उत्तम चालते. गावच्या पूर्व भागातल्या या तेलुगूभाषक मुलांना अडखळत मराठीत बोलायला लावलं, तर निम्मी शक्ती वाक्य जुळवण्यातच जाते.

तास पन्नास मिनिटांचा धरतो. संच वाटायला आणि नियम सांगायला पाच मिनिटं. पुढची बारा मिनिटं गटांनी कार्डं लावायची. तुम्ही फिरायचं, ऐकायचं, काही सांगायचं नाही. 'सर, हे बरोबर आहे का?' याला एकच उत्तर, 'का लावलंस ते सांग.' कारण ऐकायचं आणि पुढे सरकायचं. चेहऱ्यावरूनही कळू द्यायचं नाही. आपली मुलं मास्तरांचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात.

बारा मिनिटांनंतर उत्तरं जाहीर करू नका. प्रत्येक गटातला एक जण उठून शेजारच्या दोन बाकांवर फेरी मारून येईल. हात लावायचा नाही, फक्त आपल्यापेक्षा वेगळं काय लावलंय ते बघून यायचं. परत आल्यावर गटाने ठरवायचं, आपलं कार्ड हलवायचं की ठेवायचं. याला सहा-सात मिनिटं लागतात. आपण लावलेलं कार्ड दुसऱ्या तिघांनी निराळ्या ठिकाणी लावलंय हे कळलं की मुलं ते कार्ड पहिल्यांदा नीट वाचतात. तोवर अर्ध्यांनी ते वरवरच चाळलेलं असतं.

मग फळ्यावर फक्त वादाची कार्डं घ्या. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि ते बरोबर आहे, त्यावर एक शब्दही खर्च करू नका. आमच्याकडे दर वर्षी वाद पेटतो तो एररच्या कार्डांवर, आणि तासातला सर्वात भरघोस भागही तोच, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

संचात तीन संज्ञा आहेत: सिंटॅक्स एरर, रनटाइम एरर, लॉजिक एरर. कोडची कार्डं पाच. पहिल्यात प्रिंटचा शेवटचा कंस बंद केलेला नाही. दुसऱ्यात दहाला शून्याने भागलंय. तिसऱ्यात दोन संख्यांची सरासरी काढायला 'अ + ब / २' असं कंसाशिवाय लिहिलंय. चौथ्यात अवतरणचिन्हांतल्या पाचमध्ये साधा पाच मिळवलाय, म्हणजे "५" + ५. पाचव्यात प्रिंटचं स्पेलिंग चुकलंय, शेवटची दोन अक्षरं उलटसुलट झालीत. बाकी ओळ ठाकठीक.

पहिली दोन सहज लागतात. तिसऱ्याला थोडा वेळ जातो. अ ४० आणि ब ६० धरून बघ म्हटलं की ७० येतात, ५० हवे होते, तेव्हा लॉजिक एरर पटते. प्रोग्राम तक्रार करत नाही, उत्तर मात्र चुकीचं देतो. खरी जुंपते चौथ्या-पाचव्यावर. स्पेलिंगचं कार्ड जवळपास अख्खा वर्ग सिंटॅक्स एररखाली ठेवतो. 'अबे, स्पेलिंग चुकलंय, सिंटॅक्सच की बे!' मागच्या बाकावरून एखादा म्हणतो, 'पण ते नावच आहे की ओ, दुसरं कुठलं तरी फंक्शन असेल.' त्याला उचला. तो बरोबर आहे.

निकाल तुम्ही देऊ नका, मशीनला देऊ द्या. प्रोजेक्टरवर दोन ओळींचा प्रोग्राम लिहा. पहिली ओळ व्यवस्थित, 'सोलापूर' छापणारी. दुसरी ओळ वादाच्या कार्डावरची. रन करण्याआधी विचारा, 'सोलापूर' छापून येईल की नाही? हात वर करायला लावा. मग रन करा. कंस उघडा राहिलेली ओळ असेल तर 'सोलापूर' छापलंच जात नाही, सरळ सिंटॅक्स एरर. स्पेलिंग चुकलेली ओळ असेल तर आधी 'सोलापूर' छापलं जातं आणि मग नेम एरर येते. "५" + ५ चंही तेच: आधी 'सोलापूर', मग टाइप एरर. म्हणजे दोन्ही रनटाइमच्या. रचना मोडली असेल तर गाडी सुरूच होत नाही; रचना शाबूत पण अर्थ लागत नसेल तर त्या ओळीपर्यंत येऊन थांबते. 'आधीची ओळ छापली गेली का?' ही कसोटी मुलांच्या हाती एकदा आली की ती पुढे लॅबमध्ये आपणहून वापरतात.

इथे एखादी चाणाक्ष मुलगी विचारते, 'सर, इंटरप्रिटर ओळीओळीने चालतो असं पुस्तकात आहे. मग दुसऱ्या ओळीतली चूक त्याला पहिली ओळ छापण्याआधी कशी कळली?' प्रश्न बिनतोड आहे, टाळू नका. आपण नेहमी वापरतो तो पायथन आधी पूर्ण फाइल वाचून तिचं बाइटकोडमध्ये, म्हणजे त्याला चालवता येतील अशा बारीक सूचनांमध्ये, रूपांतर करतो आणि मग ते बाइटकोड चालवतो. रचनेतली चूक त्या पहिल्या टप्प्यातच सापडते. कंपायलर आणि इंटरप्रिटर यांच्या पुस्तकातल्या कोरड्या व्याख्या परीक्षेपुरत्या ठीक, पण पायथनमध्ये दोघांचंही काम आहे हे मुलांना कळलेलं चांगलं. समोर एकेक ओळ टाइप करून एंटर मारत गेलात तर अर्थातच वेगळं दिसेल, कारण तिथे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासून चालवलं जातं.

"५" + ५ वर कुणी म्हणेल, 'सर, यूट्यूबवर तर याचं उत्तर पंचावन्न आलं होतं.' तेही खरं असू शकतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत पंचावन्नच येतं, तेही संख्या म्हणून नव्हे तर स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून. त्यामुळे कोडच्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात भाषेचं नाव लिहा. भाषा सांगितल्याशिवाय एरर कुठल्या जातीची हे सांगता येत नाही.

हे सगळं होईपर्यंत चाळीस मिनिटं झालेली असतील. उरलेल्या दहात कार्डं गोळा करा आणि कोरा कागद काढायला लावा. आठ संज्ञांची नावं फळ्यावर लिहा. प्रत्येकाने एकट्याने, काहीही न बघता, प्रत्येक संज्ञेसाठी स्वतःच्या कोडची एक ओळ लिहायची आणि रेघ मारायची. हा भाग वेळेअभावी गाळाल तर खेळाचा निम्मा फायदा गेला असं समजा. समोर असलेल्या पर्यायांतून उत्तर ओळखणं वेगळं आणि रिकाम्या कागदावर ते आठवून उतरवणं वेगळं. जोड्या लावताना फक्त पहिलं होतं. प्रॅक्टिकलला मुलं गप्प होतात, कारण तिथे दुसरं लागतं.

युनिट टेस्टला किती दिवस आहेत त्यावरही बरंच अवलंबून आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून टेस्टच्या आदल्या दिवशी खेळ घेण्यापेक्षा सात-आठ दिवस आधी घ्या, आणि टेस्टच्या आधी फक्त तो कोऱ्या कागदाचा दहा मिनिटांचा भाग पुन्हा करा. गड्डा यात्रेच्या सुट्टीनंतरचा पहिला तासही याला उत्तम. तेव्हा मुलांच्या डोक्यात यात्रेशिवाय दुसरं काही नसतं आणि नवीन शिकवलेलं नाहीतरी वाहून जातं. तोच संच काढायचा, पण रेघांच्या जागा बदललेल्या.

खेळाचे बाकी प्रकार लोक सुचवतात, त्यांबद्दल थोडक्यात. सगळी कार्डं पालथी ठेवून दोन-दोन उलटायची, जुळली तर घ्यायची, हा खेळ मुलांना आवडतो. पण त्यात कुठलं कार्ड कुठे होतं हे लक्षात ठेवणारा जिंकतो, संज्ञा समजलेला नव्हे. मी घेत नाही. प्रत्येकाला एक कार्ड देऊन वर्गात आपला जोडीदार शोधायला लावायचा, हे वीस जणांच्या लॅब बॅचला छान चालतं. साठ जणांच्या बाकांच्या वर्गात शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहतील. क्विझलेट किंवा वर्डवॉलसारख्या साइटवर जोड्यांचा खेळ तयार करता येतो आणि घरी सरावाला तो सोयीचा आहे. मात्र तिथे घड्याळ लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मुलं कार्डाचा आकार आणि पहिला शब्द बघूनच बोट मारतात. वर्गात तरी घड्याळाची स्पर्धा नको. सगळ्यात आधी संपवणाऱ्या गटाला बक्षीस देऊ नका. द्यायचंच असेल तर ज्याचं कारण ऐकून दुसऱ्या गटाने आपलं कार्ड हलवलं त्याला द्या. शेंगाचटणीचं पाकीट ठेवलंत तर वाद अजून रंगेल, एवढं खात्रीने सांगतो.

महिन्या-दोन महिन्यांनी, मुलांना हा खेळ सवयीचा झाला की, कार्डं त्यांनाच करायला लावा. प्रत्येक गटाने तीन संज्ञांसाठी कोडची कार्डं करायची आणि त्यांत एक मुद्दाम फसवं घालायचं. मग संच अदलाबदल करायचे. फसवं कार्ड करायला दोन संज्ञांमधली सीमारेषा नेमकी कुठे आहे ते माहीत असावं लागतं. ज्याला ती माहीत नसते त्याचं फसवं कार्ड कुणालाच फसवत नाही किंवा चक्क चुकीचं असतं, आणि त्यावरून त्याचं काय कच्चं आहे ते तुम्हाला बसल्याजागी कळतं. 'कॉन्स्टंट' ही संज्ञा मी मुद्दाम या फेरीसाठी राखून ठेवतो. मुलं कॅपिटल अक्षरांत 'पाय' (PI) हे नाव लिहितात, त्याला ३.१४ देतात, आणि दुसरा गट पुढच्याच ओळीत त्याची किंमत बदलून दाखवतो. पायथन हूं की चूं करत नाही. सी किंवा जावासारखी किंमत बदलायला मनाई करण्याची सोय त्यात नाही. कॅपिटल अक्षरं हा फक्त प्रोग्रामर लोकांनी आपसात पाळायचा संकेत आहे. पुस्तकातलं 'जिची किंमत बदलत नाही' हे वाक्य मग मुलं जरा डोळे उघडे ठेवून वाचतात.

आपल्या गावाची म्हणून एक जोडी सुचवतो: 'प्रोग्राम' आणि 'डेटा'. हे दोन शब्द सगळे वापरतात आणि वेगळे कुणालाच करता येत नाहीत. तुमच्या वर्गात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं नक्की असतील. त्यांना नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाबद्दल विचारा. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांत साठवलेली असते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला जागेवर राहतो. माग तोच, सूतही तेच, पण कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी फुलं येतात. कार्डांची माळ हा प्रोग्राम, सूत हा डेटा. हे मी उगाच ओढूनताणून जोडत नाही. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४च्या सुमारास हा माग आणला, इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिन या नियोजित गणकयंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना त्यावरूनच घेतली, आणि १८४३मध्ये एडा लव्हलेसने त्या इंजिनाबद्दल लिहिताना जकार्डच्या मागाचाच दाखला दिला. हल्ली पुठ्ठ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक जकार्डही आलेत. शक्य झालं तर जुनं भोकांचं एखादं कार्ड मिळवून संचात ठेवा आणि ते कुठल्या संज्ञेखाली जातं ते विचारा. कारखान्यात बापाला हाताखाली मदत केलेला, एरवी तोंड न उघडणारा मुलगा त्या दिवशी वर्गाला शिकवतो.

व्याख्या पाठ करणं बंद करा असं मी म्हणत नाही. विद्यापीठाच्या पेपरात दोन मार्कांना व्याख्या लिहावीच लागते. फक्त क्रम उलटा ठेवा. आधी कार्डं, मग कोऱ्या कागदावर स्वतःची ओळ, मग त्या ओळीवरून स्वतःच्या शब्दांत एक वाक्य, आणि शेवटी पुस्तकातली व्याख्या शेजारी ठेवून आपल्या वाक्यात काय राहिलं ते बघणं. या वाटेने आलेली व्याख्या पेपरात उदाहरणासकट उतरते.

मार्कांचं म्हणाल तर खेळाला देऊ नका. मार्क आले की गट वाद घालणं सोडून हुशार गटाची कार्डं उतरवतात, शेजारच्या बाकांवरची फेरी म्हणजे कॉपी ठरते, आणि 'बेवारस' ढिगात कार्ड टाकायला कुणी धजत नाही. अंतर्गत मूल्यमापनात काही दाखवावंच लागणार असेल तर तासाच्या शेवटी लिहून घेतलेला कोरा कागद जमा करा. लिहिला की नाही, एवढंच बघा. मात्र ते कागद घरी नेऊन चाळा. वीस मिनिटांचं काम आहे. कुठली संज्ञा सर्वात जास्त जणांची रिकामी राहिली ते पाहून पुढच्या लेक्चरची सुरुवात तिथून करा.

पहिल्या वेळी घ्यायच्या आठ संज्ञा: व्हेरिएबल, असाइनमेंट, पॅरामीटर, आर्ग्युमेंट, रिटर्न व्हॅल्यू आणि तीन प्रकारच्या एरर. कोडची अकरा कार्डं म्हणजे वर सांगितलेली गुणाची दोन, क्षेत्रफळाची तीन, एररची पाच आणि बेवारस असलेलं दोन बरोबरच्या चिन्हांचं एक. लूप, इटरेशन, लिस्ट, इंडेक्स हे दुसऱ्या संचात टाका. तिथे इंडेक्स शून्यापासून सुरू होतो, आणि रेंजमध्ये १ ते ५ लिहिलं तरी फेऱ्या चारच होतात, या दोन गोष्टींवरच एक पूर्ण तास जाईल. प्रिंट आणि रिटर्नमधला फरकही त्याच संचात ठेवा: नुसतं छापणाऱ्या फंक्शनचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घेऊन ते व्हेरिएबल छापायला लावा आणि 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') का आलं ते विचारा.